गोगलगाईचं पालकत्व

"हा एक कोण?" प्रमुखाने विचारलं आणि सगळे हसले. मीही हसले. हसण्यासारखंच होतं ते. भिंतीवरच्या पडद्यावर लांबलचक तक्ता होता, प्रत्येक ओळीत संगणकाचा एक प्रकार, डिस्कचा एक प्रकार आणि ती जोडी अजून किती घरांत चालू आहे त्याचा आकडा. वर हजार, मग शेकडे, आणि सगळ्यात खाली, तळाशी राहिलेल्या साखरेसारखा, नुसता एक. प्रमुख वयाने माझ्यापेक्षा बराच लहान, नुकताच आलेला, सगळ्यांशी गोड बोलणारा. त्याने काठीने त्या एकावर टकटक केलं. "खरंच, कोण असेल हो हा? अजून जिवंत आहे?" पुन्हा हशा. चेहऱ्यावरचं हसू मी तसंच ठेवलं, जड पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात न घेता तशीच धरून ठेवावी तसं. कारण तो एक कोण हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. तो एक म्हणजे माझे बाबा.

आमची कंपनी लोकांच्या घरचा टीव्ही रेकॉर्ड करून ठेवणारं सॉफ्टवेअर बनवते. म्हणजे लोकांना जे बघायला वेळ नाही ते आम्ही साठवून ठेवतो, आणि साठवलेलं बघायला तरी त्यांना कुठे वेळ असतो, पण तो आमचा प्रश्न नाही. आमचा प्रश्न असा की हे सॉफ्टवेअर कुठल्या संगणकावर आणि कुठल्या डिस्कवर चालेल याची हमी द्यायची. दर नव्या आवृत्तीला हाच घोळ. नवे संगणक येतात, त्यांना घ्यावं लागतं; मग जुन्यांपैकी कुणाला तरी निरोप द्यावा लागतो, कारण प्रत्येक जोडी चाचणीच्या खोलीत लावून, एकीकडे दोन वाहिन्या रेकॉर्ड करत तिसरं काहीतरी चालवत, रडतेय का अडखळतेय ते बघत बसावं लागतं. आमच्याकडे त्यासाठी एक रीत आहे. ज्या जोडीची घरं फार कमी उरली तिला कुणीतरी पालक लागतो. पालकाने ती जोडी दर आवृत्तीला स्वतःच्या हाताने तपासायची, बिघडली तर स्वतः निस्तरायची, कुरकुर करायची नाही. पालक नसेल तर जोडी तक्त्यातून जाते. खालच्या त्या ओळीतल्या जोडीला सगळे गोगलगाय म्हणतात: एक बुटका, पंखा घरघरणारा संगणक आणि त्याला वायरीने लटकणारी जुनी फिरती डिस्क. गोगलगाईची पालक कितीतरी वर्षं मी आहे. लोकांना ते माझं एक खूळ वाटतं. वाटू दे.

"एका माणसासाठी आपण दर वेळी तुमचा जवळजवळ आठवडा घालवतो," प्रमुख म्हणाला. "मला तुमचा उत्साह आवडतो, पण कारण काय सांगू वर?" मी काहीतरी बोलले, शेवटच्या ग्राहकालाही आपण शब्द दिलाय वगैरे. ते बोलणं माझ्याच कानाला तोंडदेखलं वाटलं. तो म्हणाला, "बरं, असं करू. या माणसाच्या पडद्यावर एक नोटीस पाठवा. तुमचं यंत्र आम्ही यापुढे सांभाळू शकणार नाही, हरकत असेल तर कळवा. या आठवड्यात उत्तर आलं तर ठेवू गोगलगाय. नाही आलं तर सोडून देऊ. नोटीस तुम्हीच लिहा." यात वावगं काही नव्हतं. उलट शहाणपणाचंच होतं. मी मान हलवली, वही मिटली आणि खुर्ची आवाज न करता मागे सरकवण्याचा प्रयत्न केला, तर ती किंचाळलीच.

तो डबा, आमच्या घरात त्या संगणकाला डबाच म्हणतात, बाबांना मीच दिला होता, इथे नोकरी लागली त्या वर्षी. तेव्हा तोच सगळ्यांत चांगला होता. बाबांनी खोका उघडला, यंत्राला सगळ्या बाजूंनी न्याहाळलं आणि विचारलं, "याला जेवायला काय लागतं?" आई हसून हसून पलंगावर बसली. बाबा फक्त सातच्या बातम्या रेकॉर्ड करायचे आणि लगेच लावून बघायचे. आई म्हणायची, अहो, आत्ताच्या आत्ता बघायच्या तर साठवता कशाला? ते म्हणायचे, मधे थांबवता येतं. त्यांना बातमीदाराला थांबवून उत्तर द्यायचं असायचं. बाई तोंड अर्धवट उघडं ठेवून पडद्यावर गोठलेली आणि बाबा बनियनवर उभे राहून तिला सांगताहेत की हे असं नाही, तुला कोणी सांगितलं, मागच्या वेळी काय बोलली होतीस. समाधान झालं की बटण दाबायचे आणि बाईला पुढे बोलू द्यायचे. मला वाटतं आयुष्यभर कचेरीत ज्यांना उलट बोलता आलं नाही त्या सगळ्यांचा हिशेब ते त्या बाईशी चुकता करत असावेत. ती बिचारी ऐकून घ्यायची.

मग त्यांचे फोन सुरू झाले. "तुझा डबा बातम्यांचं तोंड कापतो." म्हणजे सुरुवातीच्या ठळक बातम्या येतच नव्हत्या, एकदम मधूनच वाक्य सुरू. डिस्क झोपायची, वापर नसला की ती फिरायची थांबते आणि पुन्हा जाग यायला तिला थोडा वेळ लागतो, तेवढं तोंड जायचं. मी त्यांना हे समजावून सांगितलं तर म्हणाले, "मग तिला आधी उठवा की. मी नाही तुला शाळेच्या आधी उठवायचो?" ते आठवडाभर रोज फोन करायचे. आज इतकं कापलं, आज तितकं कापलं, आज एका मंत्र्याचं नावच गेलं, आता मी कोणावर चिडू? मी चाचणीच्या खोलीत अगदी त्यांच्यासारखीच जोडी लावली, तीच वाहिनी, तीच सातची वेळ, आणि डिस्कला कार्यक्रमाच्या जरा आधी हलकेच जागं करणारी चार ओळींची युक्ती लिहिली. ती चालली. बाबांचा शेवटचा तक्रारीचा फोन असा होता: "आलं पूर्ण तोंड. बरं आहे." आणि ठेवला. मला इतका आनंद झाला होता की मी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

आई गेल्यावर मी त्यांना माझ्याकडे न्यायचं म्हणत होते. धाकटा भाऊ आणि भावजय तिथेच त्यांच्याजवळ असतात, पण दोघं दिवसभर बाहेर. मी म्हटलं माझ्या घराला लिफ्ट आहे, दवाखाना समोर आहे, खोली रिकामी आहे. खोली रिकामी आहे हे मी जरा जास्तच वेळा म्हटलं असेन. बाबा म्हणाले, "मी काय कपाट आहे का, इथून तिथे हलवायला?" मी म्हटलं, ठीक आहे, राहा. भावाला वाटलं मी त्याच्यावर ठपका ठेवतेय, तो घुश्शात. बस्, एवढंच. याला भांडण म्हणायला कुणी तयार होणार नाही. कुणी कुणाला वाईट बोललं नाही, कुणी दार आपटलं नाही. पुढचा फोन कुणी करायचा एवढंच ठरायचं राहिलं. मला वाटलं ते करतील, त्यांना कदाचित वाटलं मी करीन, आणि दोघांच्याही अंगात एकच हट्ट, एकाच कापडाचे दोन तुकडे. भावजय सणासुदीला, वाढदिवसाला मेसेज पाठवते: सगळे मजेत, ताई. मीही लिहिते: मजेत. आमच्या घराण्यात इतकी मजा पूर्वी कधी नव्हती.

पण मला फोनची गरजच उरली नव्हती. आमचं सॉफ्टवेअर रोज एकदा आम्हाला इथे कळवतं की अमुक प्रकारचा संगणक, अमुक डिस्क, इतक्या वाजता रेकॉर्डिंग केलं, ठीक आहे. नाव नाही, गाव नाही, ते कळायची सोयच नाही आणि नसावीही. पण गोगलगाईवर सातच्या बातम्या घेणारं दुसरं कोण असणार? संध्याकाळी सगळे आवरून निघायच्या बेतात असतात तेव्हा मी तक्ता उघडून बसते. सात वाजून जातात आणि खालच्या ओळीत तो एक उमटतो. आले बाबा. चष्मा कपाळावरून खाली, बनियन, एक पाय खुर्चीच्या दांड्यावर, आता बाईला थांबवणार. मग मी माझी पिशवी उचलते. घरी गेल्यावर कुलूप उघडताना, दिवा लावताना, एकटीसाठी कुकर लावावा की पावावर भागवावं याचा विचार करताना तो एक माझ्याबरोबर असतो. लोकांकडे देव असतात, मांजरं असतात. माझ्याकडे एक होता. पूर्वी त्या ओळीत दोन असायचे, बाबा आणि कोणी एक अनोळखी चिवट माणूस. दोनेक वर्षांपूर्वी दोनाचा एक झाला, त्या संध्याकाळी मी मोठ्याने म्हटलं होतं, चला, त्याने शेवटी नवा घेतला वाटतं. बाबा टिकले याचा मला अभिमानच वाटला.

नोटीस लिहायला मी अख्खी दुपार घेतली. शेजारच्या मेजावरच्या मुलीने दोनदा विचारलं, काय हो, कादंबरी लिहिताय? आधी लिहिलं: प्रिय ग्राहक. ते बाबा वाचताहेत अशी कल्पना केली आणि खोडलं. कुठल्याही कागदाला ते प्रिय म्हणू देत नाहीत. मग: आपल्या संगणकाचा प्रकार पुढील आवृत्तीत समाविष्ट राहणार नाही. समाविष्टवर ते नक्की थांबतील, वर बघून म्हणतील, सरळ बोला. मी सरळ लिहिलं. तुमचा डबा जुना झाला आहे. पुढे तो सांभाळणं आम्हाला कठीण आहे. तुम्हाला तो हवा असेल तर खालचं बटण दाबा, म्हणजे आम्हाला कळेल. खालचं बटण मोठं केलं. अक्षरं मोठी केली. मग बसून राहिले, कारण मनातल्या मनात मला पुष्कळ काही लिहायचं होतं, आणि नोटिशीत त्याला जागा नव्हती. तुमचं गुडघ्याचं कसं आहे. आईच्या फोटोजवळचा दिवा अजून लुकलुकतो का. मी परवा स्वप्नात तुम्हाला जिना चढताना पाहिलं आणि तुम्ही मला ओळख दिली नाही. शेवटी या सगळ्याच्या बदल्यात मी दोनच शब्द टाकले: काळजी घ्या. आणि डोळे मिटून पाठवून दिलं. मला अगदी शाळेच्या निकालाच्या दिवशी वाटायचं तसं वाटत होतं. बाबा बटण दाबतील. त्यांना कळेल हे कोणी लिहिलंय. डबा म्हणणारी दुसरी कोण आहे? आणि समजा नाही दाबलं, तर गोगलगाय जाणार, आणि माझा रोजचा सातचा तो एकसुद्धा जाणार, आणि मग मला कशावरून कळणार की ते आहेत?

सातला अजून अवकाश होता तेवढ्यात चाचणीच्या खोलीतून डॉक्टरचा फोन आला. डॉक्टर म्हणजे आमचा चाचणीवाला, डिस्कला कान लावून रोग सांगतो म्हणून ते नाव. "अहो, जरा खाली या. गंमत दाखवतो." मी खाली गेले. मांडणीवर यंत्रं रांगेने घरघरत होती, तिथला तो गरम धुळीचा वास, आणि खालच्या कप्प्यात एका छोट्या पडद्यासमोर डॉक्टर उकिडवा बसला होता. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. तुमचा डबा जुना झाला आहे. "तुमची नोटीस इथे आलीय," डॉक्टर म्हणाला. "अख्ख्या दुनियेत एकाला पाठवली, तो एक हाच की! तुमचं जुनं पिल्लू. कार्यालयातल्या यंत्रांना 'हे आपलं' अशी खूण करावी लागते ना, नाहीतर तीही मोजणीत धरली जातात. याला करायची राहिलीय, पहिल्यापासूनच. आणि काय हो, नोटिशीत काळजी घ्या कोण लिहितं?" तो मजेने हसत होता, त्याचा दोष काही नव्हता. मी वाकून बघितलं. तीच वाहिनी, सातची वेळ. बाबांच्या तक्रारीसाठी मी स्वतःच्या हाताने लावलेली जोडी. ती खूण करणं माझंच काम होतं. बातम्यांच्या तोंडाच्या नादात राहून गेलं. म्हणजे रोज संध्याकाळी मी वरच्या मजल्यावर बसून खालच्या मजल्यावरच्या एका कपाटाला विचारत होते, बाबा, आलात का, आणि ते म्हणत होतं, आलो. आणि दोनाचा एक झाला तेव्हा जो गेला तो कोणी चिवट अनोळखी नव्हता. मी त्या संध्याकाळी चला म्हटलं होतं. मी मांडणीची कड धरली. डॉक्टर म्हणाला, "बरं वाटत नाही का? बसा." मी म्हटलं, "काही नाही, धूळ," आणि जिन्यात आले.

जिन्यात कुणी नव्हतं. मी भावजयीला फोन लावला. तिने घाबरूनच उचलला. "ताई? काय झालं?" आम्ही एकमेकींना फोन करतो म्हणजे काहीतरी झालंच असणार असं ती धरून चालते. मी म्हटलं, "काही नाही गं. बाबा कसे आहेत?"

"मजेत," ती म्हणाली. सवयीने.

"खरं सांग. ते टीव्ही बघतात का?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "ताई, त्यांनी शपथ घातलीय, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून. त्यांना दिसत नाही आता. काचबिंदू. समजलं तोवर उशीर झाला होता. अगदी समोरचं थोडं दिसतं, बाजूचं काही नाही. होतील दोन वर्षं. म्हणाले, तिला सांगाल तर ती उद्याच गाडी घेऊन दारात उभी राहील, हलवाहलवी करायला. मी किती वेळा फोन हातात घेतला, ताई, खरंच."

मला तिचा राग आला नाही. तिचा आला असता तर बरं झालं असतं. मी पायरीवर बसले आणि म्हटलं, "आहेत का घरात? दे."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात जायला खूप वेळ लागला. चपला फरफटल्या, खुर्ची सरकली, भावजय म्हणाली, धरा, असा, उलटा नाही. मग त्यांचा श्वास. "हं," बाबा म्हणाले. "सांगितलं वाटतं हिने."

"हो."

"सांगणारच. पोटात काही राहत नाही." आवाज तोच होता, जरासा पातळ झालेला. "फार काही नाही. सवय होते. तू जेवलीस?"

"संध्याकाळ आहे, बाबा. मी कचेरीत आहे." मला रडू येत होतं आणि ते त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी तोंड दुसरीकडे वळवून बोलत होते. "डबा का बंद केलात?"

"बटणं दिसेनात. भलतंच काहीतरी दाबलं जायचं. एकदा त्या बाईला थांबवायला गेलो आणि सगळंच पुसायचं का असं विचारायला लागला, हिने वाचून दाखवलं. म्हटलं नको, तुझं त्यात काहीतरी असेल साठवलेलं. वायर काढून ठेवली."

"मला एक फोन करायचा ना."

"काय सांगून करायचा?" बाबा चिडले, आणि मला इतकं बरं वाटलं त्या चिडण्याने. "डोळे गेले म्हणून करू? डबा बिघडला असता तर केला असता. पूर्वी करायचो की. मी वाट बघत होतो, आज बिघडेल, उद्या बिघडेल. दुसऱ्यांच्या वस्तू बिघडतात. तुझा डबा कधी बिघडलाच नाही. काय करून ठेवलं होतंस त्याला?"

दर आवृत्तीला, माझा आठवडा घालवून, कुणाचंही न ऐकता, डोळ्यांत तेल घालून मी तेच तर करत आले होते. तो डबा बिघडू नये म्हणून. बाबांनी खुर्चीत बसून वाट बघितली आणि मी इथे बसून दर वेळी ती वाट बंद केली, इतक्या प्रेमाने, इतक्या चोखपणे, की कुठे फटसुद्धा ठेवली नाही. मला म्हणायचं होतं, मी आत्ता निघते. ओठांवर आलं होतं. पण मी आत्ता निघते म्हणजे गाडी, दवाखाना, रिकामी खोली. ते लगेच कपाट होऊन बसले असते, फोन भावजयीच्या हातात गेला असता. त्यांना माझ्याशी बोलायचं होतं, पण काहीतरी निमित्ताने. आणि निमित्त पुरवण्याचं काम माझ्याकडे होतं.

"बाबा," मी म्हटलं, "एक सांगायचं होतं. तुमच्याकडे आहे ना तो प्रकार, तो आम्ही आता सांभाळत नाही. नवी आवृत्ती आली की चालायचा बंद होईल."

"पूर्ण बंद?"

"आधी अडखळेल. तोंड कापेल. मग पूर्ण बंद."

"नक्की ना?"

"नक्की. मीच काढतेय."

मागे भावजय कुकर उघडत होती. मग फोन तोंडापासून लांब धरून ते तिला म्हणाले, "अगं, त्या डब्याची वायर लावून ठेव परत. उद्या नको, आजच." आणि मग मला, अगदी पूर्वी कचेरीतून बोलायचे त्या कोरड्या आवाजात, "मला दिसणार नाही, पण ऐकू येतं. तोंड कापलं की कळेल. मग तुला फोन करीन. कधी बंद होईल म्हणालीस?"

"लवकरच," मी म्हटलं.

"उशीर नको करूस," बाबा म्हणाले.

मी वर गेले. प्रमुख दिवे मालवत होता. मी त्याला म्हटलं, उत्तराची वाट बघायची गरज नाही, गोगलगाईला काढून टाका. तो म्हणाला, "अरे वा. कळलं का मग, कोण होता तो?" मी म्हटलं, "आपलंच यंत्र होतं." त्याने तक्ता उघडून दिला आणि ती ओळ मी माझ्या हाताने पुसली.